एकही तक्रार नाही

“एकही तक्रार नाही,” आरोपीचा वकील म्हणाला. “साहेब, हा माणूस तीन वर्षं बायकांच्या घोळक्यात राबत होता. आणि एकही तक्रार नाही.”

लेकीने मावशीकडे पाहिलं. मावशी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. एरवी कुणी चारचौघांत असं धडधडीत खोटं बोललं असतं, तर मावशीने बसल्या जागेवरून त्याची सालं काढली असती. आज तिचा सगळा जीव त्या चेनमध्ये गोळा झाला होता.

खून कुणी केला याबद्दल आता वाद नव्हता. गुन्हा शाबित झाला होता. लाँड्रीच्या गोदामात, मळक्या चादरींच्या गाठोड्यांमागे, गाडीवाल्याने मालकीणबाईंवर, लेकीच्या आईवर, काय केलं आणि त्या ओरडू नयेत म्हणून मग काय केलं, ते निकालपत्रात सविस्तर आलं होतं. लेकीने ते एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची गरज पडली नाही, पाठच झालं. आता वाद उरला होता तो शिक्षेचा. बायकांवर हात टाकण्याच्या गुन्ह्यात आधी दोनदा सजा झालेला माणूस तिसऱ्यांदा सापडला, तर कायदा सांगत होता: मरेपर्यंत आत, सुटका नाही. कायद्याला एकच खिडकी होती. माणूस सुधारू शकतो असं न्यायाधीशांना पटलं, तर ते ठराविक वर्षांची शिक्षा देऊ शकत होते. मग तो बाहेर येणार, पन्नाशीच्या आतबाहेर, हातीपायी धड.

आणि ती खिडकी उघडून ठेवली होती ती खुद्द बाईंनी.

गाडीवाल्याची आई बाईंकडे जन्मभर इस्त्रीला होती. दुसऱ्या गुन्ह्यात त्याला शिक्षा व्हायची होती तेव्हा म्हातारी बाईंसमोर येऊन नुसती उभी राहिली. बोलली नाही, रडली नाही. बाई तिच्याबरोबर कोर्टात गेल्या आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाल्या, “याला मी काम देते. याचं वागणं माझ्या भरवशावर.” त्या वेळच्या न्यायाधीशांनी कमीत कमी शिक्षा दिली. सुटून आला तसा तो लाँड्रीत लागला. हॉस्पिटलांमधून आलेली गाठोडी चाकांच्या गाडीतून निवडीच्या टेबलापर्यंत ढकलायची, हे त्याचं काम. म्हणून गाडीवाला.

“ज्यांनी याला सगळ्यांत जवळून पाहिलं,” वकील पुढे म्हणाला, आणि त्याने आवाज असा खाली आणला की जणू बाई त्याच्या सख्ख्या आत्या लागत होत्या, “त्या आज आपल्यात नाहीत. पण त्यांचे शब्द कोर्टाच्या दप्तरी आहेत. त्यांना या माणसात काहीतरी दिसलं होतं.”

गाडीवाला मान खाली घालून उभा होता. अंगात पांढरा शर्ट. लेकीची नजर त्या शर्टावर अडकली. कॉलर टोकाकडून आत, बाही शिवणीवर शिवण ठेवून, बाईंची शिकवण. तुरुंगात कुठूनतरी इस्त्री मिळवून त्याने ती स्वतःच फिरवली असणार. तिला वाटलं, उठावं आणि तो शर्ट त्याच्या अंगावरून ओरबाडून काढावा. ती हलली नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. त्या दिवशी बाईंच्या घरच्यांपैकी एकाचं म्हणणं ऐकू, मग शिक्षा सांगू, असं म्हणाले आणि उठून गेले.

बाहेर जिन्यावर लेकीने मावशीचा दंड धरला. “तू गप्प का बसलीस?”

“मला कुणी विचारलं?”

“रोलरवालीचं काय?”

“दंड सोड,” मावशी म्हणाली. “लोक बघतायत.”

रोलरवालीचं असं होतं. लाँड्रीत एक मोठा वाफेचा रोलर होता. ओल्या चादरी एका बाजूने आत घालायच्या, दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर. त्यावर हात बसलेली बाई मिळणं मुश्कील, आणि या बाईचा असा बसला होता की चादरीला सुरकुती दिसली तर ती तिच्या पाळीची नव्हे हे न विचारता कळे. बाई गेल्या त्याच्या आधीच्या वर्षी कधीतरी फोनवर लेकीशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, “रोलरवालीला वर माळ्यावर टाकलं. गाडीवाल्याने तिला गाठोड्यांच्या मागे ओढलं म्हणते. ओरबाडलंय खरं मानेवर. म्हटलं, नको तो ताप, टेबल बदललेलं बरं.” आणि पुढच्या वाक्यात पाण्याच्या टाकीचं काहीतरी.

टेबल बदलणं हे त्या लाँड्रीत सगळ्यावरचं औषध होतं. दोघींचं वाजलं, एकीला घडीला बसव, दुसरीला भट्टीवर पाठव. कुणी साबण पळवला, त्याला साबणापासून लांब ठेव. बाई कुणाला कामावरून काढत नसत, कुणाला चारचौघांत बोलत नसत, पोलीस तर दारात नकोतच. सगळं टेबल बदलून निभत असे, आणि इतकी वर्षं निभत आलं होतं की याहून वेगळं काही करता येतं हेच सगळे विसरले होते. तेव्हा मान ओरबाडलेल्या बाईला रोलरवरून उचलून माळ्यावर, रुग्णांच्या झग्यांना नाड्या शिवायला बसवलं. गाडीवाला गाडीवरच राहिला. थोड्या दिवसांनी ती बाई काम सोडून गेली, आणि रोलरवर सुरकुत्या पडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लेक लाँड्रीत गेली तेव्हा मावशी घडीच्या टेबलाशी एकटीच होती. बहीण गेल्यापासून सगळा कारभार तिच्याच गळ्यात होता. तिने न बोलता चादरीची दोन टोकं लेकीकडे भिरकावली. मोठी चादर एकटीने घडी होत नाही.

“तू कोर्टात सांग,” लेक म्हणाली. दोघींनी चादर ताणली.

“काय सांगू?”

“जे झालं ते. तक्रार झाली होती. ती सांगत आली तेव्हा तू इथेच, टेबलाशी होतीस.”

“आणि पुढे? ‘मग काय केलंत’ असं विचारलं तर?” मावशीने तिच्या दिशेने चालत येऊन टोकं तिच्या हातात कोंबली आणि खालची कड उचलली. “सांगू, की माझ्या बहिणीने पोटात ठेवलं? मेलेल्या बाईच्या तोंडाला काळं फासायला मला कोर्टात नेतेस होय गं?”

“तो सुटेल, मावशी.”

“सुटेल तेव्हा सुटेल. तोवर मी असेन की नाही कुणास ठाऊक.”

“मी असेन.”

“मग तू बघ.” दुसरी चादर आली. मावशीने ती इतक्या जोरात झटकली की लेकीच्या हातातून टोक निसटलं. “एवढंही धरता येत नाही. पुस्तकं वाच फक्त. बहीण माझी होती, आई तुझी होती. तिने उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. लोक अजून रस्त्यात थांबवून मला तिचं चांगलं सांगतात. तेवढंच उरलंय गं माझ्याकडे. तेही तुला विकून खायचंय?”

“त्या रोलरवालीचं वाईट केलं.”

मावशीने टोकं खाली टाकली. “चालती हो,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. भट्टीपाशी उभ्या असलेल्या दोघीजणी एकदम फार मन लावून काम करू लागल्या.

रोलरवाली आता एका हॉटेलच्या तळघरात, कपड्यांच्या खोलीत होती. खोली टॉवेलांनी गच्च भरलेली, वर पाइप, पाइपांतून कुणाच्यातरी आंघोळीचा आवाज. तिने लेकीला ओळखलं आणि हातातला ढीग खाली ठेवला नाही.

“धाकट्या बाई. इकडे कुठे वाट चुकलात?”

लेकीने सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवून आली होती, तरी लांबलं. रोलरवाली टॉवेल मोजल्यासारखे करत ऐकत राहिली.

“म्हणजे मी साक्ष द्यायची.”

“हो.”

“मोठ्या बाईंसाठी.”

लेकीची नजर फळीवरच्या टॉवेलांकडे गेली.

“माझ्या मानेवर नखं होती तेव्हा ती टेबलाची गोष्ट होती,” रोलरवाली म्हणाली. “बाईंनी माझ्या मानेला स्वतः हळद लावली, खोटं कशाला बोलू. प्रेमाने लावली. आणि म्हणाल्या, तू वर बस, तुला तिथे हवा पण चांगली लागेल. हवा! रोलरवर माझी उभी हयात गेली, आणि मला नाड्या शिवायला बसवलं. तो खालून गाडी ढकलत जाताना शीळ घालायचा, तुम्हाला माहितीय? मुद्दाम माळ्याखाली आला की.”

“नाही.”

“कसं असेल माहीत. तुमच्यापर्यंत फक्त टेबल बदलल्याचं आलं.” ती हसली, त्या हसण्यात मायेचा अंशही नव्हता. “आता मोठ्या बाई गेल्या तर कोर्ट, वकील, मरेपर्यंत कैद. आमच्या वेळेला हे सगळं कुठे गावाला गेलं होतं?”

“तुमचं बरोबर आहे.”

“बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. ते तुमच्याकडून ऐकायला मी बसलेली नाही.” तिने टॉवेल फळीवर टाकले. “माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. माझं नाव घेतलंत तर मी कानावर हात ठेवीन. सांगेन, असं काही झालंच नाही. मग तुमच्या मावशींचं, त्या वकिलाचं आणि माझं एकमत होईल. चालेल?”

लेक दारापर्यंत गेली.

“धाकट्या बाई,” रोलरवाली मागून म्हणाली, “तो सुटू नये असं मलाही वाटतं. पण ते तुम्ही तुमचं बघा. सांगायला माणूस आहे की तुमच्या घरात.”

सरकारी वकीलबाई कामाच्या गराड्यात असायच्या. त्यांनी एका हाताने डबा खात आणि दुसऱ्या हाताने फाइल उलटत लेकीचं ऐकलं. “तुम्हाला आईने फोनवर सांगितलं, हे एकटं टिकणार नाही,” त्या म्हणाल्या. “दु:खात मुलगी काहीही बोलेल असं ते म्हणतील. जी तिथे हजर होती ती बोलली पाहिजे. नाव नको असेल तर पीडितेचं नाव मी नोंदवू देणार नाही, ती काळजी सोडा. पण मावशी?”

“मावशी माझ्याशी बोलत नाही.”

“तुमच्याशी नका बोलू म्हणावं. साहेबांशी बोला.”

तारखेच्या दिवशी मावशी आली, पण दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसली. मधे इतकी जागा की तिथे अख्खं वऱ्हाड बसलं असतं. लेकीचं नाव पुकारलं गेलं. तिने लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहू दिला. त्यात आईचे हात होते, साबणाने फुटलेली नखं होती, बरंच काही चांगलं लिहिलेलं होतं. त्यातलं एकही वाक्य आज उपयोगाचं नव्हतं.

“माझ्या आईच्या शब्दावर याला मागच्या वेळी सूट मिळाली,” ती म्हणाली. “आज पुन्हा तिचाच शब्द काढलाय. तो शब्द चुकीचा होता. या तीन वर्षांत तक्रार झाली होती. लाँड्रीतल्या एका बाईवर याने हात टाकला होता.”

आरोपीचा वकील तीरासारखा उठला. खटला संपल्यावर सुचलेली ही गोष्ट आहे, पोलिसांत नोंद नाही, बाईचं नाव नाही, गाव नाही, असं बरंच बोलला. त्याचं संपल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, “हे पाहणारं कुणी आहे?”

लेकीने मागे वळून पाहिलं नाही. “ती बाई तक्रार घेऊन आली तेव्हा माझी मावशी तिथेच, टेबलाशी होती.”

मावशी पिंजऱ्यापर्यंत चालत आली ती अशी, की जणू वाटेतला प्रत्येक माणूस तिचं काही देणं लागतो. शपथ घेतली. पर्स छातीशी धरली.

“तक्रार झाली होती?” सरकारी वकीलबाईंनी विचारलं.

पर्सची चेन एकदा उघडली आणि लागली. मग मावशी म्हणाली, “झाली होती.”

“काय तक्रार?”

मावशीने सांगितलं. गाठोड्यांच्या मागे, मान, नखं. जेवढं होतं तेवढंच, चढवून नाही.

“मग काय केलंत?”

“टेबल बदललं. रोलरवरून उचलून नाड्या शिवायला बसवलं.” मावशीने मान वर केली. “मी बदललं. बहिणीला माझ्या यातलं काही माहीत नव्हतं. मीच दाबून ठेवलं. लिहा माझं नाव.”

लेकीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि क्षणभर तिला मावशीचा इतका लोभ वाटला की डोळे भरून येतील अशी भीती वाटली. घोट एकटीने पिऊन टाकला होता मावशीने. तक्रार कोर्टाला मिळाली, आणि आई कोरी करकरीत सुटली. आता फक्त गप्प बसायचं होतं.

वकिलाने ती फट ताबडतोब हेरली. “म्हणजे मालकिणीला शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं? रोज त्याच छपराखाली असून? निष्णात रोलरवाली उचलून नाड्या शिवायला बसवली, आणि मालकिणीने का म्हणूनही विचारलं नाही? साहेब, हे कुणाला पटेल? एकीने तक्रार ऐकली म्हणे, आणि नेमकी तीच आज इथे उभी. भाचीसाठी मावशी काय वाटेल ते बोलते आहे. मालकीण गेल्या तेव्हा त्यांचा या माणसावर विश्वास होता. एवढं एकच यात खरं आहे.”

गाडीवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. तो हसला नाही. त्याने फक्त शर्टाची बाही नीट केली.

न्यायाधीश लेकीकडे वळले. “तुमच्या आईला हे माहीत होतं का?”

मावशी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती, दम होता. जन्मात पुन्हा तोंड बघणार नाही, असा.

“माहीत होतं,” लेक म्हणाली. “टेबल तिनेच बदललं. मला तिने स्वतः सांगितलं. मावशी तिला सांभाळून घेते आहे.”

“फोनवर? नक्की शब्द आठवतात?”

“‘नको तो ताप’ म्हणाली.”

टायपिस्टच्या बोटांखाली ती पाच अक्षरं पटकन उमटली. न्यायाधीशांनी मावशीला विचारलं, हे खरं का. मावशीने ते नाकारलं नाही. ती तिथे उभ्या उभ्या म्हातारी झाली.

शिक्षा दुपारनंतर सुनावली गेली. न्यायाधीशांनी वाचताना कुठे आवाज चढवला नाही की उतरवला नाही. पाण्याचा ग्लास सरकवला तोही त्याच चालीत. आरोपीच्या चांगल्या वागणुकीचा आधार म्हणजे तक्रारीचा अभाव. परंतु तक्रार झाली होती आणि ती मृत मालकिणीने दडपली. आरोपीला जाब न विचारता तिने पीडित स्त्रीलाच तिच्या जागेवरून हलवलं, आणि तसं करून आपल्याकडच्या इतर स्त्रियांना, आणि अखेर स्वतःला, धोक्यात ठेवलं. अशा व्यक्तीच्या भरवशाला हे न्यायालय काडीचं मोल देऊ शकत नाही. सबब सुधारणेची शक्यता दिसत नाही. आरोपीने नैसर्गिक मृत्यूपर्यंत कारावास भोगावा. त्यात सूट मिळणार नाही.

मधल्या वाक्यांना मागच्या बाकांवरून कुणीतरी च्‌च्‌ केलं. ते गाडीवाल्यासाठी नव्हतं.

त्याला नेताना तो लेकीच्या अगदी जवळून गेला. “बाई असत्या तर,” तो म्हणाला, “त्यांनी असं केलं नसतं.”

“नसतं केलं,” लेक म्हणाली. “म्हणून मी केलं.” पोलिसाने त्याला पुढे ढकललं.

सरकारी वकीलबाई फायली गोळा करत जवळ आल्या. त्या खूश होत्या आणि ते दिसू नये म्हणून धडपडत होत्या. “तो अपिलात जाणार. वरचं कोर्ट सगळं पुन्हा वाचेल. तुमच्या आईबद्दलची वाक्यं जरा जास्तच कडक आहेत, मला मान्य आहे. ती वगळावीत असा अर्ज करता येतो. मिळूनही जाईल. पण खरं सांगू? शिक्षा उभी आहे ती त्याच परिच्छेदावर. तो ढिला केला तर…”

मावशी दारापाशी थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे दर वेळी हेच वाचणार?” लेकीने विचारलं. “दर कोर्टात?”

“दर कोर्टात.”

“वगळा म्हण,” मावशी दारातून म्हणाली. कोर्टात आल्यापासून ती भाचीशी पहिल्यांदाच बोलत होती. “मिळाली ना तुला शिक्षा? आता तेवढं तरी पुसायला सांग. अगं, आई होती तुझी.”

लेकीने वकीलबाईंकडे पाहिलं. “राहू दे,” ती म्हणाली. “एक शब्दही काढू नका.”

मावशी गेली. तिच्या चपलांचा आवाज जिना उतरून पार खालपर्यंत ऐकू येत राहिला, आणि लेकीने तिला हाक मारली नाही.